लक्षात राहणारा खलनायक कसा लिहायचा: नलूमावशीची भिशी धरून एकेक पायरी

माझ्या पहिल्या एकांकिकेत एक सावकार होता. मिशा, मोठ्यांदा हसणं, गरिबाची जमीन बळकावणं, सगळं होतं. प्रयोग संपल्यावर कपडेपट सांभाळणाऱ्या एका वयस्कर बाईंनी मला सरळ विचारलं, "हा एवढा वाईट आहे तर गाव त्याच्याकडे जातं तरी कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर कितीतरी वर्षं मी जे काही लिहिलं ते खरंतर त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधत लिहिलं, आणि आज हा लेख लिहितोय तोसुद्धा त्याच प्रश्नाभोवती.

माझं म्हणणं एवढंच आहे की खलनायक एकटा कधीच मोठा होत नाही, त्याला त्याच्या आजूबाजूची माणसं मोठी करतात, कारण त्यांचं काहीतरी त्याच्यावाचून अडलेलं असतं. हे "अडलेलं" तुम्हाला सापडलं की अर्धं काम झालं. ते सापडलं नाही तर कितीही भारी डायलॉग लिहा, तो माणूस कागदीच राहतो.

नुसतं सांगून उपयोग नाही म्हणून आपण इथे एक खलनायिका अगदी शून्यापासून बनवू. नाव नलूमावशी, वय ५८, नाशिकच्या पंचवटीतली एक जुनी गल्ली, नवरा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला, मुलाचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि ते चालत नाही. मावशी गल्लीतल्या बायकांची भिशी चालवते. एवढंच हातात घेऊन सुरुवात करू. तुम्ही एकांकिका लिहीत असाल, कथा किंवा वेबसिरीज लिहीत असाल, पायऱ्या त्याच.

पायरी १: आधी विचारा, ह्याच्यामुळे कुणाचं काय चालतं?

बहुतेक जण सुरुवात करतात "हा काय वाईट करतो" इथून. मी म्हणतो ते पान नंतर लिहा. आधी एक कोरा कागद घ्या आणि ह्या माणसामुळे कुणाकुणाचं काय चालतं त्याच्या दहा ओळी लिहा. दहाच, पण नावानिशी.

'सामना' आठवून बघा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, आणि निळूभाऊंनी केलेले हिंदुराव धोंडे पाटील. हा माणूस गुंड म्हणून समोर येतच नाही, तो येतो सहकाराचं साम्राज्य उभं करणारा कर्ता पुरुष म्हणून, ज्याच्यामुळे अख्ख्या भागाची चूल पेटते. रस्त्यात सापडलेल्या दारुड्या मास्तरला, म्हणजे डॉ. लागूंना, तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, मान देतो. म्हणून तर गायब झालेल्या एका माणसाबद्दलचा "मारुती कांबळेचं काय झालं?" हा प्रश्न इतका बोचतो, कारण तो प्रश्न विचारणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं आहे. तुम्ही बघताना मनात म्हणता की मास्तर, सोडा ना आता, चांगलं चाललंय सगळं. आणि मग लक्षात येतं की आपणसुद्धा पाटलाच्या बाजूने बोललो.

'एकच प्याला'मधला, सुधाकरला दारूची चटक लावणारा तळीराम त्याहून जुना, १९१९ सालचा. सुधाकर हुशार वकील, कोर्टात अपमान झालाय, सनद काही काळासाठी गेलीय, आणि सगळं जग त्याला उपदेश तरी करतंय नाहीतर हसतंय. त्या वेळेला त्याच्याशेजारी बसून त्याचं दुःख हलकं करायला येतो तो फक्त तळीराम. तळीराम शत्रू म्हणून आला असता तर सुधाकरने हाकलून दिला असता हो, तो आला सांत्वन करायला.

आता आपली यादी. नलूमावशीमुळे बेबीताईंच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं. शोभाच्या मुलीच्या लग्नात ऐन वेळेला तिने स्वतःच्या पाटल्या गहाण टाकून हॉलवाल्याचे पैसे भरले. गल्लीत कुणी गेलं तर तिरडीचं सामान आणण्यापासून दहाव्यापर्यंत तीच उभी असते. वर्षा नावाची पोरगी आहे, बाप नाही, तिच्या टॅलीच्या कोर्सची फी मावशीने भरली. दोघीतिघींच्या नवऱ्यांना बायकोकडे स्वतःचे पैसे आहेत हेच माहीत नाही, आणि ते तसंच राहतं कारण मावशी तोंड उघडत नाही. ही शेवटची ओळ लिहिली तेव्हा मला जाणवलं की कॅरेक्टर उभं राहायला लागलंय, कारण आता मावशीच्या हातात पैशांपेक्षा मोठं काहीतरी आहे.

पायरी २: त्याला नेमकं काय हवंय, बोट ठेवता येईल असं

"सत्ता", "पैसा", "सूड" हे शब्द कॅरेक्टरच्या नोट्समध्ये दिसले की खोडा. ते खोटे नसतात पण त्यांच्यावर सीन लिहिता येत नाही.

'घाशीराम कोतवाल'मध्ये घाशीराम पुण्यात येतो, चोरीचा आळ येतो, मार बसतो, शहराबाहेर हाकललं जातं. त्याला सूड हवाय हे खरं, पण नाटकात तो सूड एका वस्तूवर येऊन बसतो: कोतवाली. आणि तिची किंमतही एकच: स्वतःची मुलगी, ललितागौरी. बाप पोटच्या पोरीला पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीस ह्याच्या पुढ्यात ठेवतो आणि बदल्यात शहर मागतो. काय हवंय आणि त्यासाठी काय दिलं ह्या दोन गोष्टी इतक्या ठसठशीत आहेत की बाकी काही समजावून सांगावं लागत नाही. तुम्हीही हेच दोन रकाने करा. "हवंय" आणि "दिलं". दुसरा रकाना रिकामा असेल तर तुमचा खलनायक अजून स्वस्तात सुटतोय.

मावशीला काय हवंय? मी आधी लिहिलं की मुलाचं दुकान वाचवायचंय. बरं होतं पण ओळखीचं वाटत होतं. मग विचार करत गेलो तेव्हा सापडलं की तिला "अडीनडीला नलूकडे जा" हे वाक्य हवंय. माहेरी चार बहिणींत ती एकटीच कमी शिकलेली, सासरी कंडक्टरची बायको, आणि ह्या गल्लीत मात्र डॉक्टरीणबाईसुद्धा तिला मावशी म्हणतात. ते जाऊ नये एवढ्यासाठी ती काहीही करेल. मुलाचं दुकान बुडणं तिला भीतीचं वाटतं तेसुद्धा ह्याच कारणाने, की नलूचाच मुलगा अडला तर मग नलूकडे कोण येणार.

पायरी ३: त्याच्या तोंडून एक पान, स्वतःशी खरं बोलणारं

हे पान नाटकात येणार नाही. तरीही लिहाच. खलनायक "मी" म्हणून बोलतोय आणि स्वतःचा हिशोब मांडतोय, आणि त्या हिशोबात तो बरोबर आहे. तुम्ही लिहिताना स्वतः पटून मान हलवली पाहिजे, नाही हलली तर पान फाडा नि परत लिहा.

ह्यात एक धोका आहे आणि आजकाल तो फार दिसतो. लहानपणी बापाने मारलं, आई सोडून गेली, म्हणून हा असा झाला, असा फ्लॅशबॅक टाकला की लेखकाला वाटतं कॅरेक्टरला खोली आली. मला ते पटत नाही. लहानपणी मार खाल्लेली लाखो माणसं कुणाचं वाईट न करता जगतात. भूतकाळ कारण देतो, माफी देत नाही, आणि प्रेक्षकाला दोन्ही एकच वाटायला लागलं तर तुमचा खलनायक पातळ झाला म्हणून समजा. वाईट वागण्याचा निर्णय त्याने आज, आपल्या डोळ्यांदेखत घेतला पाहिजे, दुसरा रस्ता समोर उघडा असताना.

पायरी ४: त्याच्या धंद्याची यंत्रणा पैशापैशाने मांडा

ह्या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा. खलनायक हुशार आहे असं तुम्ही म्हणून चालत नाही, त्याची हुशारी प्रेक्षकाला मोजता आली पाहिजे.

'तो मी नव्हेच' १९६२ सालचं. अत्र्यांनी लिहिलेला आणि प्रभाकर पणशीकरांनी रंगवलेला लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. ते नाटक कोर्टात घडतं, साक्षीदार येत जातात, फिरत्या रंगमंचावर त्यांच्या आठवणी उलगडतात, आणि दर साक्षीत हा माणूस वेगळं नाव, वेगळा वेश घेऊन दिसतो, कधी दिवाकर दातार, कधी कॅप्टन परांजपे, कधी राधेश्याम महाराज. आपल्याला भुरळ पडते ती वेशांतराची नाही एवढी, जेवढी ह्याची की त्याला समोरच्या घराची नस बरोबर कळते. लग्नाची मुलगी घरात आहे, स्थळ चांगलं चालून आलंय, जास्त चौकशी केली तर हातचं जाईल. ह्या घाईवर तो जगतो. घाई लोकांची आहे, त्याने फक्त ओळखली.

आता भिशी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ठरावीक बायका दर महिन्याला ठरावीक रक्कम काढतात, चिठ्ठ्या टाकतात, जिचं नाव निघेल तिला त्या महिन्याची सगळी रक्कम. ज्यांची भिशी लागून गेली त्यांनीही शेवटपर्यंत हप्ता भरायचा. बऱ्याच ठिकाणी पहिला महिना चालवणारीचा असतो, चिठ्ठीशिवाय.

मावशीची भिशी २० नावांची, महिना २,००० रुपये. म्हणजे दर महिन्याला ४०,०००. पण वीस जणी जमल्याच नाहीत, मावशी धरून १७ झाल्या. मग तिने तीन नावं स्वतःच घातली, एक नाशिकरोडची नणंद, एक सिन्नरची मामेबहीण, एक कुणी "बँकेतल्या मॅडम". मनात म्हणाली हप्ते मीच भरेन, काय होतंय. इथपर्यंत बघा, लबाडी नाहीये.

तिसऱ्या महिन्यात बेबीताईंच्या नवऱ्याला हॉस्पिटलमध्ये टाकलं, डिपॉझिट भरायचंय. डब्यातून एका लहान पोरीने चिठ्ठी काढली, मावशीने उघडली, वाचली, "बेबी!" आणि चिठ्ठी चुरगाळून कमरेला खोचली. चिठ्ठीवर नाव दुसरंच होतं. बेबीताई रडल्या, सगळ्या बायकांचे डोळे भरले. मावशीचा पहिला गुन्हा हा, आणि तो पुण्याचं काम म्हणून झालेला. आणि त्याच दिवशी तिला कळलं की चिठ्ठी कुणीच बघायला मागत नाही, कारण मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं.

चौथ्या, पाचव्या, सहाव्या महिन्यात त्या तीन नसलेल्या बायकांची नावं निघाली. हिशोब करा. चार वेळा, म्हणजे पहिला तिचा स्वतःचा आणि हे तीन, दर वेळी खऱ्या १६ बायकांकडून ३२,००० रोख आले. एकूण १,२८,०००. दुकानात गेले. हे चार महिने सोडून बाकीच्या १६ महिन्यांत, म्हणजे दुसरा-तिसरा धरून, तिला चार नावांचे मिळून दर महिन्याला ८,००० भरायचेत, सोळा आठे एकशे अठ्ठावीस, म्हणजे बरोबर तेवढेच. तिच्या दृष्टीने ही चोरी नाहीच, बिनव्याजी उसनवारी आहे! फक्त एसटीच्या पेन्शनमधून ८,००० निघत नाहीत. म्हणून ती दुसरी भिशी सुरू करते, दुसरीतून पहिली भरते. पुढचं तुम्हाला दिसतंच आहे.

हे गणित मांडायला मला दोन संध्याकाळी लागल्या, पण त्यातून पायरी तीनचं पान आपोआप लिहून झालं. तुमचा खलनायक जमिनीचा दलाल असेल तर सातबारा कसा फिरतो ते शिका, वाळूवाला असेल तर ट्रकची खेप, पास, दंड सगळं. दोन जाणकार माणसांना भेटून चहा प्या, नुसता गूगल करून काम भागत नाही.

पायरी ५: समोर कोण उभं आहे

खलनायकाची उंची त्याला अडवणाऱ्या माणसावरून कळते. आणि ह्या दोघांमध्ये काहीतरी सारखं असलं तर सोन्याहून पिवळं. वर्षा, चोवीस वर्षांची, टॅली शिकलेली, आकड्यांत मावशीइतकीच तल्लख. तीच भिशीची लाल कापडी वही लिहायला लागते कारण मावशीला आता दूरचं-जवळचं नीट दिसत नाही. मावशीने भरलेल्या फीवर शिकलेली विद्या मावशीवरच उलटणार. वर्षाला खरं सापडतं तेव्हा तिला आनंद होत नाही, पोटात गोळा येतो. नायकाला जिंकताना त्रास होत नसेल तर खलनायकाने त्याचं काही घेतलेलंच नाही असा त्याचा अर्थ.

पायरी ६: एन्ट्री उशिरा, चर्चा आधी

'शोले'मध्ये गब्बर दिसायला तासभर तरी जातो, तोपर्यंत त्याचं नाव, त्याची माणसं, त्याची दहशत आपल्या ओळखीची झालेली असते. एकांकिकेत तुमच्याकडे एकूणच चाळीस-पन्नास मिनिटं असतात, तरी पहिली तीन-चार मिनिटं राखून ठेवा. मावशी येण्याआधी बायका जमतायत, एक म्हणते मावशीची खुर्ची पंख्याखाली ठेवा, दुसरी म्हणते चहात साखर कमी घाल गं त्यांना शुगर आहे, तिसरी कुणीतरी मावशीच्या खुर्चीत बसलेल्या पोराला उठवते. मावशी अजून आलेली नाही, पण तिचं वजन स्टेजवर आलं.

पायरी ७: बोलणं

निळूभाऊंचा आवाज आठवा. दबका, सावकाश, शब्द तोंडात घोळवत, जणू समोरच्याला ऐकायचं असेल तर त्यानेच पुढे वाकावं. धमकी देणारा माणूस ओरडतो तेव्हा त्याला खात्री नसते. ज्याला खात्री असते तो ताक विचारतो.

पहिल्या ड्राफ्टमध्ये मी लिहिलं होतं:

"वर्षा, माझ्या वाटेला जाऊ नकोस, परिणाम वाईट होतील."

हे वाक्य पंचवटीतली कुठलीच मावशी बोलणार नाही. नंतर असं झालं:

"वर्षू, ताक घेतेस? आजच घुसळलंय. हिशोब बघायचाय ना तुला, बघ की, वही काय पळून जाते? तेवढं एक कर, आईला सांगून ठेव, पुढच्या महिन्यात तिची लागेल असं मला वाटतंय."

शेवटचं वाक्य परत वाचा. चिठ्ठ्या टाकून निघणारं नाव हिला आधी "वाटतंय" कसं? लाच आहे, धमकी आहे आणि कबुलीसुद्धा आहे, आणि आवाज मात्र मायेचा. आणि ती बहुतेक खरंच मायेने बोलतेय, ही त्यातली भीतीदायक गोष्ट. डायलॉग तपासायची माझी पद्धत सांगतो. खलनायकाचं प्रत्येक वाक्य चांगल्या माणसाच्या तोंडी घालून बघा, तिथेही शोभलं तर ठेवा. "ताक घेतेस?" कुणीही म्हणेल. "परिणाम वाईट होतील" फक्त खलनायकच म्हणतो, म्हणून ते काढा.

मजा आणि भीती एकाच अंगात राहू शकते हेही विसरू नका. दशावतारातला संकासूर वेद चोरणारा राक्षस, काळा वेश, लांब लाल जीभ, आणि तरी मालवणीत टोले मारून सगळ्यात जास्त हशा तोच घेतो. पोरं त्याला घाबरतात आणि पुन्हा त्याच्याच मागे लागतात. 'झपाटलेला'तला तात्या विंचू माझ्या पिढीला झोपू देत नव्हता, आणि शाळेत त्याचीच नक्कल आम्ही दिवसभर करायचो. मावशीलाही विनोद द्या. तिच्यावर हसू नका, तिच्याबरोबर हसा.

पायरी ८: चेहरा, शरीर, जात, बोली: इथे फार जपून

एक डोळा काणा, रंग काळा, पाठीला कुबड, गावरान बोली: आपल्याकडे वाईट माणूस ओळखायच्या ह्या खुणा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात. ललिता पवारांचं उदाहरण मला नेहमी अस्वस्थ करतं. नायिका म्हणून काम करणारी बाई, १९४२च्या सुमारास शूटिंगमध्ये थप्पड जोरात लागली, चेहऱ्याला अर्धांग झालं, डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला, आणि त्यानंतर तोच डोळा खाष्ट सासूची ओळख बनला. पुढे दूरदर्शनच्या 'रामायणा'त मंथराही त्यांनीच केली. त्यांनी त्या भूमिकांचं सोनं केलं हे त्यांचं मोठेपण, पण एका अपघाताची जखम आपण सगळ्यांनी दुष्टपणाची निशाणी म्हणून वाचली हे मात्र खरं.

तर पात्राला व्यंग द्यायचं असेल तर द्या, पण त्याचा वाईटपणाशी संबंध जोडू नका. आणि नायक पुण्याचं छापील बोलतोय नि खलनायक तेवढा वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी, असं झालं असेल तर ड्राफ्ट थांबवून स्वतःला विचारा की हे मी का केलं.

पायरी ९: हिंसा कमी दाखवा

थोडक्यात सांगतो. गब्बर हातावर चालणारा मुंगळा चिरडतो आणि पुढच्याच क्षणी गावात अहमदचं प्रेत येतं, मधलं काही दाखवत नाहीत. ते मधलं आपण स्वतः बघतो आणि जास्त भयंकर बघतो. आपल्या गोष्टीत मारामारी नाहीच. मावशी वर्षाच्या आईच्या घरी दोन दिवस जात नाही, बस एवढंच. तिसऱ्या दिवशी गल्लीतलं कुणीच वर्षाच्या आईकडे जात नाही.

पायरी १०: परतीची दारं मोजा

खलनायकाला किमान तीन वेळा थांबायची संधी द्या, आणि दर वेळी दार त्याने स्वतःच्या हाताने लावलं पाहिजे. मावशीचं पहिलं दार: सहाव्या महिन्यात नवरा म्हणतो, माझ्या फंडाचे थोडे उरलेत ते घे, भरून टाक. ती म्हणते, तुमच्या औषधाला ठेवा. ह्यात प्रेमही आहे आणि मोठेपणाची हावही. दुसरं दार: वर्षा एकटी येऊन म्हणते, मावशी आपण दोघी मिळून सांगू सगळ्यांना, हप्त्याहप्त्याने फेडू. ती म्हणते ताक घेतेस. तिसरं दार: दुसऱ्या भिशीत एक विधवा सगळे साठवलेले पैसे घेऊन येते, तिचं नाव लिहावं की लिहू नये. ह्या क्षणी पेन तिच्या हातात राहू द्या, सगळ्यात लांब शांतता इथे. ती लिहिते.

दारं चढत्या क्रमाने लावा. पहिल्याला प्रेक्षक तिच्या बाजूने असतो, दुसऱ्याला गोंधळतो, तिसऱ्याला तिला सोडून देतो पण मान वळवू शकत नाही.

पायरी ११: गप्प बसणारे

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि बहुतेक संहितांमध्ये हीच गाळलेली असते.

'घाशीराम'च्या त्या मूळ प्रयोगात माणसांचाच पडदा होता, ओळीने उभे राहिलेले, झुलणारे, गाणारे ब्राह्मण. ते पाठ करतात तेव्हा मागचं झाकलं जातं, वळतात तेव्हा उघडं पडतं. शहरात जे काय चाललंय ते ह्या भिंतीच्या आड चाललंय, आणि भिंत माणसांची आहे. खलनायकाबद्दल ह्याहून खरं चित्र मी रंगमंचावर पाहिलेलं नाही. घाशीरामला नानाने बनवला, आणि नानाला ह्या पाठींनी सांभाळला.

तुमच्या गोष्टीतली भिंत कुठली ते शोधा. आपल्याकडे आहेत सोळा बायका. शोभाला संशय आहे, पण लग्नाच्या वेळच्या पाटल्या आठवतात. एकीची भिशी लागून गेलीय, तिचे पैसे हातात आलेत, तिला आता कशाला भानगड. एकीला भीती की बोभाटा झाला तर नवऱ्याला कळेल की आपण चोरून पैसे साठवतो. एक म्हणते वर्षाच आगाऊ आहे, चार बुकं शिकली म्हणून काय झालं. प्रत्येकीला एकेक वाक्य द्या, भाषण नको. ती वाक्यं अशी हवीत की तुमच्या स्वतःच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्ही ती ऐकलीयत, कदाचित बोललायत. बारा-पंधरा जणांची टीम असेल तर कॉलेजच्या एकांकिकेला हे वरदानच, गर्दीतल्या प्रत्येकाला काम मिळतं.

पायरी १२: शेवट

खलनायकाला मारून टाकणं कधीकधी अगदी योग्य असतं. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ सालचं, प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता, आणि म्हणून त्याचं मरण ही नुसती गोष्ट राहिली नव्हती. सरकारलाही ते कळलं आणि १९१०मध्ये नाटकावर बंदी आली. अशा वेळी वध पूर्णच व्हायला हवा. पण घाशीरामच्या मरणात तसं समाधान नाही, कारण त्याला लोकांच्या हवाली करणारा नाना जिवंत आहे आणि उत्सवाला तयार आहे. म्हणजे शेवट ठरवताना प्रश्न असा विचारा की हा माणूस गेल्यावर त्याला बनवणारी गरज गेली का? गेली असेल तर मारा. राहिली असेल तर ती गरज शेवटच्या चित्रात दिसू द्या.

लिहून झाल्यावरच्या तपासण्या

संहितेतले फक्त खलनायकाचे सीन काढून सलग वाचा, ती एका माणसाची पूर्ण गोष्ट वाटली पाहिजे. मग उलटं करा, त्याला प्रत्येक सीनमधून काढून बघा, ज्या सीनला फरक पडत नाही तो सीन किंवा त्यातला तो, एक जाऊ द्या. नंतर भूमिका करणाऱ्या नटीला संहिता द्या आणि काही न सांगता विचारा, "तुझं काय चुकलं?" तिने खऱ्या रागाने "माझं काहीच चुकलं नाही" असं म्हटलं तर तुमचं लिखाण जमलंय. आमच्या मावशीने मला तालमीत पाऊण तास भांडून पटवलं की दोष वर्षाचा आहे, आणि मी त्या दिवशी एक शब्दही बदलला नाही.

शेवटाबद्दल मात्र आमच्यात वाद झाला. वर्षाने गणित फळ्यावर मांडलंय, कुणी बघत नाहीये. महिन्याची तारीख म्हणून पोरीने डब्यातून चिठ्ठी काढलीय, मावशीने उघडलीय. आणि बेबीताई, जिच्या नवऱ्याचा जीव ह्याच हाताने वाचवला, ती जागेवरून उठते आणि म्हणते, "नलू, आज मी वाचते." काहींचं म्हणणं होतं चिठ्ठीवरचं नाव प्रेक्षकाला कळलं पाहिजे. मी कळू दिलं नाही. बेबीताईंचा हात पुढे आहे, आणि मावशी चिठ्ठीची घडी घालते, मग त्या घडीची घडी, मग आणखी एक, घालता येईल तेवढी बारीक, आणि हात तसाच पुढे असताना लाईट जातात.